ट्रेलरला सवय नव्हती

कुठलंही यंत्र बिघडलं की माझे घरमालक एकच निदान करायचे. "त्याला सवय नाही." जानेवारीत माझ्या बेसमेंटमधलं हीटिंग बंद पडलं. बाहेर गुडघाभर बर्फ. स्वेटरवर स्वेटर चढवून मी वर तक्रार करायला गेले, तर हे सोफ्यावरून न उठता म्हणाले, "घराला थंडीची सवय नाही गं. होईल." ते घर तेव्हा चाळीस वर्षांचं होतं आणि अमेरिकेतल्या श्रूजबरीत दर वर्षी बर्फ पडतो. सवय व्हायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी काकूंनी त्यांच्या नकळत मेकॅनिकला बोलावलं होतं, हे मला पुढे कळलं.

नागपूरहून एका प्रोजेक्टवर मी तिथे गेले तेव्हा या जोडप्याचं बेसमेंट भाड्याने घेतलं होतं. काका फार आधी, तरुणपणीच अमेरिकेत आलेले. कारखान्यात व्हॉल्व्ह डिझाइन करता करता निवृत्त झाले. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बेसमेंटचा दिवा कसा लावायचा हे दोनदा समजावलं. पुढे मला हाक मारायची झाली की "काय इंजिनियर!" म्हणायचे. त्या शब्दात जेवढा उपहास भरता येईल तेवढा त्यांनी भरलेला असे.

मॅन्युअल वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. "मॅन्युअल लिहिणाऱ्याने आयुष्यात पाना हातात धरलेला नसतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं मॅन्युअल कशाच्या तरी पायाखाली जायचं. जेवणाच्या टेबलाचा एक पाय मायक्रोवेव्हच्या मॅन्युअलवर उभा होता, कपाटाचा व्हॅक्यूम क्लीनरच्या. मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवलं की उतू जायचंच, कारण कुठलं बटण कशाचं हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर, बाराही महिने. लग्नाला जाताना सुद्धा. एकदा मंडळाच्या कार्यक्रमात गाणाऱ्या बाईंचा माइक खरखरायला लागला. चौथ्या रांगेतून हे उठले, टेस्टर काढत स्टेजवर चढले. त्यानंतर माइक खरखरला नाही, कारण त्यातून काहीच आवाज आला नाही. बाई बिचाऱ्या घसा ताणून गायल्या. खाली येऊन बसताना काका शेजारच्यांना म्हणाले, "माइकला मराठीची सवय नाही." आपण काही बिघडवलं असेल ही शंका या माणसाच्या डोक्यात कधी शिरलीच नाही.

असा हा बुद्धिवादी माणूस. सत्यनारायणाला जाऊन प्रसाद खायचा आणि वर यजमानालाच विचारायचं, "याने नेमकं काय होतं, सांगा बरं?" पण जगातली एक रूढी त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला विद्यापीठात संशोधन करायची. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत हे तिच्या घरी गेले नव्हते. कुणी विचारलं की म्हणायचे, "आमच्यात चालत नाही." काय चालत नाही, हे न कळून मंडळातली नवी पोरं गोंधळून जायची.

खरी गोष्ट काकूंनी मला भाजी निवडताना सांगितली. मुलीने एका दुपारी कोर्टात जाऊन मल्याळी मुलाशी लग्न केलं आणि घरी फोन केला. दोघंही बाहेर गेली होती, म्हणून तिने फोनच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला. काकांनी तो ऐकला आणि म्हणाले, "मशीनला सांगितलंय ना? मग मशीन बघून घेईल." त्यानंतर तिचा फोन आला की हे गॅरेजमध्ये. जात, भाषा, कशाचंच त्यांना वावडं नव्हतं. राग होता तो मशीनचा. त्या रागाला त्यांनी रूढीची टोपी घातली होती. मला तेव्हाही या माणसाची कीव आली नाही, संतापच आला.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात मुलीला दिवस असल्याची बातमी आली. काकूंनी ती टेबलावर सर्वांसमोर सांगितली. काकांनी आमटी संपवली आणि जाहीर केलं, "पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे." काकू म्हणाल्या, "तिचं काम आहे, डॉक्टर तिकडे, ती कशी येणार?" त्यावर हे म्हणाले, "ती नको येऊ दे. माहेर तिकडे नेऊ."

आणि आठवड्याभरात ड्राइव्ह-वेमध्ये माहेर येऊन उभं राहिलं. वीस वर्षं जुनं, तपकिरी पट्ट्यांचं मोटरहोम. आत ओल्या कुत्र्याचा वास. बिछाना, चूल, फ्रिज, सगळं होतं. हे लेकीच्या दारासमोर लावायचं, त्यात राहायचं, त्यातच जेवायचं. रूढीही मोडत नाही आणि बाळंतपणही माहेरी. मला वाटलं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा माणूस दोन मिनिटांचा एक फोन का करत नाही! मी तसं बोलूनही दाखवलं. "इंजिनियर," काका म्हणाले, "तू भाडेकरू आहेस."

तेवढ्यावर थांबते तर ते काका कसले? मोटरहोमची बाथरूम कपाटाएवढी. बाळाला पाय पसरून पायांवर घेऊन न्हाऊ घालायला त्यात जागा नाही, म्हणून त्यांनी एका माळ्याकडून जुना बंदिस्त ट्रेलर घेतला आणि त्यात न्हाणी बांधली. खरीखुरी. खाली ग्रॅनाइटची लादी, पाणी जायला उतार, कोपऱ्यात गीझर आणि भिंतीला पाण्याची मोठी टाकी. टाकी घरच्या विहिरीच्या पाण्याने भरून न्यायची. "आजोळचं पाणी," ते म्हणाले. मिशिगनमध्ये पाणी मिळतं, हे मी सांगून पाहिलं. ऑक्टोबरअखेर तिथे ट्रेलरमध्ये बाळाला न्हाऊ घातलं तर बाळ गारठेल, हेही सांगितलं. दोन्हींचा उपयोग झाला नाही.

दगड आणि पाणी यांनी तो ट्रेलर इतका जड झाला की त्याला स्वतःचे ब्रेक लागणार होते, नाहीतर उतारावर तो मोटरहोमलाच ढकलत नेईल. माळ्याच्या ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक होतेच. आता ते मोटरहोमला जोडायचे होते. काम अगदी सोपं. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी एक डबी बसवायची. तिला चार वायरी. एक बॅटरीची, एक अर्थिंगची, एक ट्रेलरकडे जाणारी आणि एक ब्रेकच्या पेडलखालच्या स्विचची. ड्रायव्हरने पेडल दाबलं की त्या चौथ्या वायरीतून डबीला ते कळतं आणि डबी ट्रेलरचे ब्रेक लावते. एका शनिवारचं काम.

काकांनी त्याला ऑगस्ट आणि सप्टेंबर पुरवले. डबीचं मॅन्युअल त्यांनी पहिल्याच दिवशी गॅरेजमधल्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सरकवलं.

माझी नेमणूक पेडलवर झाली होती. दर शनिवारी मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, काकांनी मागे दिव्यांपाशी उभं राहून ओरडायचं. "दाब! सोड! दाब म्हटलं की दाब, विचार करू नकोस!" एकदा मी जरा उशिरा दाबलं, तर मागून आवाज आला, "ती असायची तेव्हा सांगावं लागत नसे." मी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कोण?" काका वायर सोलत होते. म्हणाले, "टेप दे तो काळा."

आता चौथ्या वायरीचं. पेडलच्या स्विचपर्यंत पोचायला डॅशबोर्डखाली उताणं पडून मान वाकडी करावी लागते. काकांना ते नको होतं. त्यांनी शॉर्टकट काढला. ब्रेक दाबला की मागे लाल दिवा लागतो, म्हणजे लाल दिव्याची वायर तीच ब्रेकची वायर, असं म्हणून त्यांनी ती मागच्या उजव्या दिव्यापासून घेतली. आपल्याकडे हे बरोबर ठरलं असतं. आपल्याकडे लाल दिवा ब्रेकचा आणि पिवळा वळायचा, दोघांचा काही संबंध नाही. त्यांच्या जपानी गाडीतही तसंच होतं. पण या जुन्या अमेरिकन धूडात एकच लाल दिवा दोन्ही कामं करायचा. ब्रेक दाबला की लागायचा आणि वळायचा इंडिकेटर दिला की तोच लुकलुकायचा. इतकी वर्षं अमेरिकेच्या रस्त्यांवर पुढच्या गाड्यांचे दिवे बघूनही हे यांना दिसलं नव्हतं.

सप्टेंबरच्या एका रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये चाचणी झाली. काका ड्रायव्हिंगला, शेजारी मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन काकू, मागे मी. डावीकडे चार वळणं छान झाली. काकांनी आरशातून माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मग त्यांनी उजवा इंडिकेटर दिला. टिक्, आणि ट्रेलरने मागून गाडी धरली. सोडली. टिक्, पुन्हा धरली. दिवा लुकलुकेल तसा ट्रेलर ब्रेक मारत होता. टाकीतलं पाणी उसळत होतं, भांडी आपटत होती, आणि तिसऱ्या धक्क्याला लाडवांचा डबा काकूंच्या मांडीवरून उडाला.

गाडी थांबवून काका म्हणाले, "ट्रेलरला सवय नाही."

मी म्हटलं, "काका, तुम्ही वायर चुकीच्या ठिकाणाहून घेतली आहे. पेडलच्या स्विचवरून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे."

"तू कॉम्प्युटरवाली."

"इलेक्ट्रिकलवाली."

"डावीकडे वळताना होतं का? नाही ना? मग वायरिंग बरोबर आहे. उजवीकडे वळताना इंडिकेटर द्यायचा नाही, झालं."

"आणि मागच्यांना कसं कळायचं?"

त्यावर त्यांनी काकूंकडे पाहिलं. पुढचा अर्धा तास त्या पार्किंगमध्ये चौसष्ट वर्षांच्या काकू खिडकीबाहेर हात काढून वळण्याच्या खुणा शिकत होत्या. मला वर्धा रोडवरच्या ट्रकचे क्लीनर आठवले. फरक इतकाच की क्लीनरला गुडघेदुखी नसते आणि तो नवऱ्याची लाज राखायला हात बाहेर काढत नाही. मला राहवलं नाही. "काहून हो काका? न्यूयॉर्क, ओहायो सगळं पार करत काकू हात बाहेर काढून बसणार? एक वायर हलवायला तुमचं एवढं काय जातं?"

काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी सगळं वायरिंग उपटून नव्याने केलं. वायर पुन्हा त्याच उजव्या दिव्यावरून घेतली. या वेळी ती जाड होती.

ऑक्टोबर उजाडला. बाळंतपणाला दोन-तीन आठवडे राहिले होते. एका दुपारी वर चहाला गेले तर काकू लाडू वळत बसल्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, "काकू, खड्ड्यात गेला तो ट्रेलर. विमानाने जा. तीन तासांचं काम."

"तिकीट तर लेकीने कधीच पाठवलंय," त्या म्हणाल्या. "तिथे त्या कपाटात आहे. मी एकटी उद्यासुद्धा जाईन गं. पण मी गेले तर हे गॅरेजमध्येच राहतील. कायमचे. नातवंड आलं आणि तरी गेले नाहीत, की मग पुढे जायला कुठलं कारण उरणार आहे? मला यांना न्यायचंय. कशातूनही, त्या भंगारातूनही. त्यातून जायचं यांनी स्वतःहून ठरवलंय, एवढंच आहे माझ्या हातात."

मी चहा तसाच ठेवून खाली गेले. आजवर मला तो एका हट्टी म्हाताऱ्याचा खेळ वाटत होता. आता कळलं की खेळ नव्हता, एका बाईने चार वर्षं वाट पाहून मिळवलेली एकुलती एक संधी होती आणि ती एका वायरीवर अडली होती.

गुरुवारी काकांची दाताच्या डॉक्टरकडे वेळ होती. मी ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी राहिले. गॅरेजमधल्या टेबलाखालून डबीचं मॅन्युअल उपसलं. टेबल डुगडुगायला लागलं. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, वायर पेडलच्या स्विचवरूनच घ्यावी, दिव्यावरून नाही. म्हणजे काकांसारखे लोक जगात आणखीही होते. मी डॅशबोर्डखाली उताणी पडले, मान वाकडी केली, स्विच शोधला, वायर डाक लावून जोडली, वर टेप गुंडाळला, आणि मागची जाड वायर कापून टाकली.

पेडलवर काकू बसल्या. मी मागे दिव्यांपाशी. त्यांना कधी दाबायचं ते कळेना. "मला नाही गं येत," त्या पुढून ओरडल्या, "हे काम लेकीचं. सात वर्षांची होती तेव्हापासून. सीटच्या टोकाला बसून पाय पोचवायची. हे मागे नुसते उभे राहिले की दाबायची, बाजूला झाले की सोडायची. आरशातून बघत असायची ना." उजवा दिवा लागला, विझला, लुकलुकला. दिवा लुकलुकला तरी ट्रेलर गप्प होता.

तोंड सुजवून काका परत आले. गाडीत बसले, उजवा इंडिकेटर देऊन ड्राइव्ह-वेमधून गाडी पुढे-मागे केली. धक्का नाही. पुन्हा केली. वाकून डॅशबोर्डखाली बघितलं, बराच वेळ बघितलं. माझा नवा टेप त्यांना दिसला नसेल असं मी म्हणणार नाही. उतरले आणि म्हणाले, "शेवटी झाली सवय ट्रेलरला." आभार नाहीत, काही नाही. मी मॅन्युअल परत टेबलाखाली सरकवलं.

शनिवारी दोघं निघाली. टाकी विहिरीच्या पाण्याने काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला, ओहायोतल्या कुठल्याशा रेस्ट एरियातून. त्यांना रडू आवरत नव्हतं. बाळ दिलेल्या तारखेच्या आठवडाभर आधीच आलं होतं. मुलगी. मी म्हटलं, काकांना द्या फोन.

"अभिनंदन, काका. आता लेकीकडे जेवायला हरकत नाही तुमची."

 ते म्हणाले, "हं. ट्रेलर चांगला चाललाय."

त्यानंतर चार दिवस काही कळलं नाही. पाचव्या दिवशी काकूंनी फोन केला तो तासभर चालला. काकांनी मोटरहोम लेकीच्या घरासमोर रस्त्यावर लावलं आणि ते आत गेलेच नाहीत. जावई बाहेर येऊन पाया पडला, तर यांनी त्याला विचारलं, "इथे पार्किंगला परमिट लागतं का?" न्हाणीत कुणी पाऊल टाकलं नाही. बाळाला जावयाने स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या टबात आंघोळ घातली आणि आजोळचं पाणी काकांनी जावयाच्या लॉनला सोडलं. दोन दिवस स्वतः खिचडी करून, करपवून खाल्ली. हॉस्पिटलमधून लेक घरी आली तेव्हा हे ट्रेलरखाली शिरलेले, नुसते पाय बाहेर. तिने त्या पायांकडे पाहिलं आणि ती आत गेली. कारण आता उरलं नव्हतं, रूढी संपली होती, आणि तरी हा माणूस पंधरा पावलं चालू शकत नव्हता. फोनवर ऐकतानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग तिसऱ्या दिवशी सकाळी," काकू सांगत होत्या, "दारापर्यंत आले. आत नाही, पायरीवर. आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, उजवा दिवा लागत नाहीये, पेडलवर कुणीतरी हवंय. जावई उठला, बूट घालायला लागला. त्याला म्हणाले, तुम्ही नको, तुम्हाला सवय नाही."

"मग?"

"मग लेकीने बाळ माझ्याकडे दिलं. नवऱ्याचा कोट अंगावर घेतला, आणि हळूहळू, टाके सांभाळत गेली. चढली गाडीत. हे मागे जाऊन उभे राहिले. काही म्हणजे काही बोलले नाहीत गं. दाब नाही, सोड नाही. ती आरशात बघून दाबायची, दिवा लागायचा. सोडायची, विझायचा. अर्धा तास. मी बाळाला घेऊन खिडकीत उभी. मग आत आले, हात धुतले आणि पाटावर बसावं तसे टेबलाशी येऊन बसले. तीन पोळ्या खाल्ल्या."

"पण दिवा लागत होता ना?" मी विचारलं.

"पहिल्यापासून लागत होता. मला दिसत होता ना खिडकीतून."

लागणारच होता. मान मोडेपर्यंत उताणी पडून मी ती वायर जोडली होती. चार वर्षांत या माणसाला लेकीशी बोलायला एक वाक्य सुचलं नाही, आणि शेवटी सुचलं ते माझ्या कामाला नावं ठेवणारं! माझा असा संताप झाला म्हणून सांगू! फोन धरून मी नाक पुसत राहिले.

"ऐकतेयस ना गं?" काकू म्हणाल्या.

"ऐकतेय," मी म्हटलं. "काकांना सांगा, इंजिनियरने विचारलंय. म्हणावं, उद्या डावा दिवाही एकदा तपासून घ्या."